सात घुमटांच्या पायथ्याशी

१४ मार्च, गुरुवार

...आधी चुलीतली राख काढली, मग गाईची धार काढली. दूध गाळून ठेवलं, वासरू सोडलं, अंगणात पाणी शिंपडून झाडून घेतलं. पीठ मळून फडक्याखाली झाकलं. चहा झाल्यावर त्यांना हाक मारायला आत गेले, तर ते भिंतीकडे तोंड करून निजलेले. म्हटलं, काल विटा वाहून दमलेत, निजू देत आणखी थोडे. परत बाहेर आले आणि लोणी घुसळायला बसले. लोणी छान निघालं म्हणून मी खूश होते. त्या सगळ्या वेळात ते गेलेले होते.

सहा महिने झाले. ती सकाळ मी रोज एकदा पहिल्यापासून करते, आणि रोज लोणी घुसळायच्या आधी त्यांना हलवून बघते.

ही वही नात काउसारची. अर्धी कोरी राहिली होती. इथे एक सोय आहे. आमच्यात सुनेने नवऱ्याचं, सासऱ्याचं, त्याच्या वाडवडिलांचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. वहीत लिहायला कोणी मनाई केलेली नाही. म्हणून लिहिते: दुइशो. माझा नवरा दुइशो. या गावातला शेवटचा कबरी बांधणारा गवंडी.

आज बिश्केकहून कुबात आला होता. आमच्याच कुळातला, राजधानीत गाड्या विकून मोठा झालेला. वर टेकडीवर आमच्या कुळाची सात जुनी घुमटं आहेत, कच्च्या विटांची, दोन बसलेली, बाकीची बसू घातलेली. ती त्याला नव्याने उभी करायची आहेत. धाकटे दीर एर्गेश त्याच्यासोबत होते. दुइशो गेल्यापासून घरातले कर्ते तेच.

मी म्हटलं, "कबर डागडुजी करायची नसते, असं हे म्हणायचे. दुःख टिकेल तोवर भिंत टिकते, मग मातीला माती."

"दादा गवंडी होता, वहिनी," एर्गेश म्हणाले, "गवंड्याला नवीन काम मिळालं की जुनं पडलेलंच बरं."

सगळे हसले. मीही हसले. दुइशो असते तर तेही हसले असते आणि तरी नाही म्हणाले असते.

२२ मार्च

कुबातला घुमटावरचा लेख वाचून हवा होता. जुनी अरबी अक्षरं गावात आता मलाच येतात. शाळेच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं झाडू मारला. माळ्यावर जुन्या लिपीतल्या पुस्तकांची एक पेटी होती, कोणाला नको असलेली. सासूबाईंच्या प्रार्थनेच्या पुस्तकाशी ताडून ताडून मी अक्षरं लावली. त्याला सहा वर्षं लागली. मुल्लासाहेबांना पाठ सगळं येतं, पण वाचता यातलं काही येत नाही. ते स्वतःच सांगतात.

बायका कबरस्तानात जात नाहीत. आज माझ्यासाठी सवलत केली. पुरुष दोन पावलं मागे उभे राहिले, जणू मी कुलूप उघडणार होते.

मोठ्या घुमटाच्या दारावर भाजलेल्या मातीची पाटी आहे. लिहिलंय: बाल्टाचा मुलगा बोरुबाय याचं हे घर. साल हिजरी बाराशे सत्त्याऐंशी. वाटसरू, आमच्यासाठी दोन शब्द म्हण. त्याखाली आणखी एक ओळ होती, पण ती झिजून गेली आहे, नुसती अक्षरांची शेपटं उरलीत.

मी मोठ्याने वाचलं, "चिरणीबाबांचा मुलगा रानातले बाबा, त्यांचं हे घर."

बाल्टा म्हणजे कुऱ्हाड. चाळीस वर्षं मी कुऱ्हाडीलाही चिरणीच म्हणते. बोरु म्हणजे लांडगा, म्हणून ते रानातले बाबा. सगळ्यांनी मनातल्या मनात नावं लावून घेतली. माझ्या तोंडून दुसराच शब्द ऐकायची त्यांना सवय आहे.

कुबातने मोबाइलवर फोटो काढले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आपा, खालच्या ओळीत 'दतका' असणार. आपले बाबा खानाचे सरदार होते, असं माझे आजोबा सांगायचे."

"असेल. पण तिथे दिसत नाही."

"तुम्ही दिसतं म्हणालात तर कोण तपासणार आहे?"

"मीच," म्हटलं.

तो हसला. पण खाली उतरताना त्याने मला हात दिला नाही.

येताना दुइशोंच्या कबरीपाशी थांबले. मोठ्या घुमटापासून वीस पावलांवर, टेकडीच्या कडेला. तिथून आमचं छप्पर दिसतं. सून मिरगुल दोरीवर कपडे घालत होती आणि धाकटी बेगाय तिच्या पायांत घोटाळत होती. आमचं घर आळीतलं सगळ्यात वरचं, टेकडीला पाठ लावून. ते दुइशोंनी बांधलं. आमच्याखाली आणखी तेहतीस घरं.

२९ मार्च

विटांचं काम सुरू झालं. माती कुठली घ्यायची यावर दोन दिवस वाद झाला. कुबात शहरातून भाजक्या विटांचा ट्रक आणायला तयार होता. एर्गेश ऐकेनात. "बाबांच्या अंगावर परक्या गावची माती घालायची? त्यांच्याच टेकडीची घ्या." मुल्लासाहेबांनाही ते पटलं. मलाही पटलं. हे सगळं करायचंच तर निदान रीतीने व्हावं.

म्हणून माती आमच्या घरामागेच खणतात. टेकडीचा पायथा तिथे मऊ पिवळा आहे, फावडं लोण्यात शिरावं तसं शिरतं. पहिलं फावडं प्रार्थना म्हणून मारलं. आता तिथे दोन पुरुष उंचीचा सरळ कापा झाला आहे, आळीच्या लांबीचा. चिखल वरच कालवायचा म्हणून कालव्यातून नळी टाकून टेकडीवर पाणी नेलं आहे आणि एक तळं केलंय. रात्रंदिवस भरत असतं. बेगाय म्हणाली, "आजोबांच्या घराला समुद्र आला."

आज वीस माणसांचा स्वयंपाक केला. घरात एवढी वर्दळ सहा महिन्यांनी झाली. बरं वाटलं, हे कबूल करते.

५ एप्रिल

मोठ्या घुमटाच्या नव्या कमानीला तडा गेला. बुजवला. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा. गवंडी शहरातला, तो म्हणतो थंडीने.

गोठ्याचं दार लागत नाही. दुइशोंनी केलेलं दार बारा वर्षं बोटाने लागायचं. आज खांदा लावला तरी चार बोटं उघडंच.

एर्गेशनी आणखी एक सांगितलं आणि सांगून बहुतेक पस्तावले. दुइशोंच्या कबरीची कुंपणभिंत कलली आहे. सगळी एका अंगाला, आमच्या घराकडे.

काल गुरुवारी मी सात पोळ्या तळल्या. गेलेल्यांना वास पोचतो, तोच त्यांचा घास. तेल तापत असताना त्यांना विचारलं: मी तुमच्या शब्दाबाहेर गेले म्हणून कूस बदलताय का? की एकटे आहात आणि घराकडे बघायचंय?

मिरगुल दारात उभी होती. म्हणाली, "आई, दार चौकटीत बसत नाही, कारण चौकट वाकडी झालीय. दोरी लावून बघितलं मी."

"चौकट कशी वाकडी होईल? त्यांच्या हातची आहे."

ती दोरी गुंडाळत आत गेली.

११ एप्रिल

शेजारीण साल्किन रिकाम्या बादल्या घेऊन आली. "उरुमकान, झऱ्याला काय झालंय बघ. तुझ्या नवऱ्याने वर चहा केलाय वाटतं, दूध घालून."

टेकडीखालचा झरा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याचं पाणी काचेसारखं बघितलंय. आज पिवळं आणि दाट आहे. पाऊस नाही, बर्फ वितळून संपलेलं.

दुपारी जिल्ह्याहून एक इंजिनिअर आला, तरुण, चिखलाचे बूट घातलेला. वर जाऊन तासभर फिरला, लाल-पांढरे खुंट मारले, खाली येऊन कापा बघितला. त्याचा आवाज चढला, "ही माती कोणी काढली?"

"आम्हीच," एर्गेश म्हणाले. "चोरलेली नाही. आमच्याच बापजाद्यांची टेकडी आहे. चहा घ्या."

मला वाटलं, त्याला परवान्याचा कागद हवा असेल. मी लोणी आणि जाम पुढे ठेवलं. त्याने घास घेतला नाही.

"काका, ही चौतीस घरं आठवड्याच्या आत रिकामी करा. नदीपलीकडे लोकरीचं जुनं गोदाम आहे, तिथे सोय करतो."

"आणि बापजाद्यांना कोणाच्या भरवशावर सोडू?"

"त्यांची काळजी करू नका," तो म्हणाला. "ते येतायत खाली. तुम्हालाच भेटायला."

कोणी हसलं नाही. असं बोलायला नको होतं त्याने. एर्गेशनी त्याचा चहा अंगणात ओतला.

१२ एप्रिल

आळीची बैठक झाली. कोणी जाणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी असाच एक जण खुंट मारून गेला होता, काही झालं नाही. त्या वेळी कापा नव्हता, असं मिरगुल पाठीमागून म्हणाली, पण सुनेचा आवाज तो, पुढपर्यंत गेला नाही.

मुल्लासाहेबांचं म्हणणं, तडे, कललेली भिंत, झरा, सगळं एकच सांगतं: थोरले रुसलेत. काम अर्धवट ठेवू नका. उलट लवकर पुरं करा आणि वीस तारखेला मोठं जेवण घाला, घोडी कापा. जेवण टेकडीच्या अगदी पायथ्याशी, सगळी आळी लहानथोर बसेल असं. माती काढून तिथे सपाट जागा झालेलीच आहे.

कुबातने घोडी कबूल केली. विस्तव आणि कढया माझ्याकडे.

मुलगा ताआलाय मॉस्कोत इमारतींवर काम करतो. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, मिरगुलला आणि मुलींना तिथून काढ." मी म्हटलं, काकांना विचारते. विचारलं. ते म्हणाले, "दादाच्या घराने पाठ फिरवली तर आळी काय म्हणेल?" बरोबरच आहे त्यांचं. तरी मला झोप नाही.

१७ एप्रिल

कोणाला न विचारता वर गेले. सकाळची वेळ, गवंडी अजून आले नव्हते.

तळं रिकामं होतं. नळी चालू, पाणी पडत होतं, पण तळ्यात टिकत नव्हतं. कुठे जातं ते दिसेना.

घुमटांच्या मागे, गवतात, एक भेग आहे. टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चंद्रकोरीसारखी. सातही घुमटं आणि दुइशोंची कबर तिच्या अलीकडे, आमच्या बाजूला. मी आडवी पडून हात घातला. खांद्यापर्यंत गेला, तळ लागला नाही. आतून गार हवा येत होती आणि पाण्याचा आवाज.

तिथे मला काही थोरलेबिरले आठवले नाहीत. मला दही आठवलं, भांडं कललं की सगळं एकदम सुटून येतं ते.

मग दुइशोंच्या जवळ बसले. भिंत खूपच कललीय. म्हटलं, तुम्ही रुसला असाल तर माझ्यावर रुसा, त्या पोरी लहान आहेत. ते जिवंत असतानाही असल्या बोलण्याला उत्तर द्यायचे नाहीत. उठून काहीतरी काम करायला लागायचे.

घरी येऊन एर्गेशना भेगेचं सांगितलं. "वहिनी, बाईमाणूस वर गेल्यावर भेगा पडणारच." मुल्लासाहेबांना सांगितलं. "वीस तारखेनंतर बुजेल." कुबातला फोन केला. तो म्हणाला, पाहुणे निघालेत, ओशहूनही येतायत, आता कसं रद्द करू.

वीस तारखेला त्या कापाखाली सगळी आळी बसेल. पाहुणे धरून पाचशे माणसं.

माझं सगळे एकाच गोष्टीत ऐकतात: जुनी अक्षरं वाचते तेव्हा.

२१ एप्रिल

कालचं जसं झालं तसं लिहिते.

आम्ही बायका पहाटेपासून कढयांपाशी. मांस शिजत होतं. मुली कापाच्या भिंतीला पाठ लावून खेळत होत्या. मधूनमधून वरून मूठभर माती घरंगळायची, त्यांच्या केसांत पडायची, त्या हसायच्या.

जेवणाआधी एर्गेश उभे राहिले. "वहिनी, लेख वाचून दाखवा. थोरल्यांचा शब्द ऐकून घास घेऊ." कुबातने पाटीचा फोटो मोठा करून आणला होता, चौकटीत घालून.

मी कढईपाशी हात पुसले आणि पुढे गेले. आयुष्यात मी लोकांना कडू बोलले आहे, खोटं बोललेले नाही.

मी वाचलं, "बाल्टाचा मुलगा बोरुबाय याचं हे घर."

नावं घेतली. मोठ्याने, दोन्ही. साल्किनच्या हातातला डाव खाली पडला. एर्गेश जागच्या जागी खाली बसले. घोड्यांचा आवाजसुद्धा थांबला असं मला वाटलं. पुढची ओळ मी चाळीस वर्षं वाचत आल्यासारखी वाचली, "माझी भिंत कलेल त्या वर्षी, लेकरांनो, नदीपलीकडे जा. मला वाट द्या."

मग मुल्लासाहेब म्हणाले, "खालची ओळ दिसत नाही, असं तू म्हणाली होतीस."

"तेव्हा चिखल होता तिच्यावर."

"आणि नाव घेतलंस."

"त्यांनीच घ्यायला लावलं."

कोणीतरी रडायला लागलं. कुबात फोटो निरखत होता. मी वाट बघत होते की हा आता बोलेल. पण त्याचा चेहरा उजळला. "पुढचं ओळखणारा माणूस," तो सगळ्यांना म्हणाला, "साधा कसा असेल? दतकाच होते!"

माणसं जेवण तसंच टाकून उठली. संध्याकाळपर्यंत गाद्या, कोंबड्या, शिवणयंत्रं, म्हातारी माणसं पूल ओलांडून गोदामात. साल्किनने टीव्ही पाठीवर नेला. पुलावर मला म्हणाली, "चाळीस वर्षं तोंड धरून बसलीस आणि उघडलंस ते हे."

मिरगुलने मुलींना अंगावर घेतलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण माझं गाठोडंही तिनेच उचललं.

२७ एप्रिल

सात दिवस. टेकडी उभी आहे.

गोदामात लोकरीचा वास आणि खोकला. पुरुष दिवसा गुरांना बघायला पलीकडे जातात, आणि येताना सांगतात: काही नाही, सगळं जागच्या जागी. हे सांगताना माझ्याकडे बघतात. ऊन पडलंय. डोंगर धुतल्यासारखा.

रोज सकाळी मी झऱ्याचं पाणी बाटलीत घेऊन येते. परवा पिवळं, काल पिवळं. आज झराच नाही. जागा कोरडी आहे. साल्किन म्हणाली, चला, बंद तरी झालं घाण पाणी. मी बाटली रिकामीच परत आणली. एवढं पाणी गेलं कुठे?

काउसारने विचारलं, आजोबा खाली का येतायत? मी म्हटलं, कोण म्हणालं? म्हणाली, तूच वाचलंस ना.

४ मे

परवा दुपारी कुबात गोदामात आला. कुळाच्या पुस्तकासाठी त्याने तो फोटो बिश्केकच्या एका जाणकाराला दाखवला होता. त्याचं उत्तर आलं. कुबातने ते सगळ्यांसमोर वाचलं. वरच्या तीन ओळी मी वाचल्या तशाच. खालच्या ओळीत विटा भाजणाऱ्याचं नाव आणि 'चूक झाली असेल तर क्षमा असावी', एवढंच. दतका नाही. नदी नाही.

"आपा," तो म्हणाला, "माझ्यासाठी एक शब्द घालायला सांगितला, तर तुम्ही मला चोर ठरवलंत."

"हो."

"आणि स्वतः अख्खी ओळ घातलीत."

"हो," म्हटलं.

मुल्लासाहेब तोंड फिरवून बसले. एर्गेश माझ्यासमोर आले. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "थोरल्यांच्या तोंडी खोटं घातलंत, वहिनी. त्यांचं नाव घेऊन. मला रानात लांडगा दिसला तरी मी आता मान वर करू शकत नाही."

"भेग खरी आहे, भाऊजी. हात घालून बघा."

"तुमचा हात. तुमचा शब्द." मग सगळ्यांना म्हणाले, "परवा शनिवारी आपापल्या घरी. दादाच्या घरात मी स्वतः सूनबाईला आणि पोरींना सोडून येईन."

बायकांनी लगेच गाद्या गुंडाळायला घेतल्या. साल्किनसुद्धा. ती म्हणाली, "माझ्यावर रागावू नको गं. माझी पाठ मोडली इथे."

मिरगुल बाहेर दगडावर बसली होती. काका घरातले कर्ते. ते न्यायला आले तर ती जाईल, तिला जावंच लागेल, आणि मी काय बोलणार, मीच तिला तसं वागायला शिकवलं. मी शेजारी बसले.

"आई, खरं सांगा. काय बघितलंत तुम्ही वर?"

सांगितलं. तळं, भेग, गार हवा, पाण्याचा आवाज. दहीसुद्धा सांगितलं.

"मग तेच का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

"तेच आधी सांगितलं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "घर आहे तोवर काका न्यायला येणार."

तिने ते का म्हटलं, हे मी तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटी पूल ओलांडून घरी गेले. पहार घेतली. दारं आणि खिडक्या चौकटींसकट उपटून काढल्या, चुलीचं धुराडं पाडलं, मग शिडी लावून वर चढले आणि छपराचे पत्रे एकेक करून अंगणात टाकले, शेवटचा पत्रा निघेपर्यंत.